निम्म्यांचंच हृदय उजवीकडे का? न हलणाऱ्या सिलियांचं प्रकरण

छातीचा एक्स-रे काढताना तंत्रज्ञ कॅसेटच्या कोपऱ्यात शिशाचं एक छोटं अक्षर लावतो. 'आर' म्हणजे उजवी बाजू, 'एल' म्हणजे डावी. फिल्म आली आणि हृदयाची सावली उजवीकडे झुकलेली दिसली, की पहिला संशय त्या अक्षरावरच जातो. घाईत फिल्म उलटी टांगली असेल, नाहीतर अक्षर भलत्या बाजूला लागलं असेल. बहुतेकदा तसंच निघतं. पण कधीतरी डॉक्टर स्टेथोस्कोप उजवीकडे सरकवतात आणि ठोके तिथेच स्पष्ट लागतात. जठरातल्या हवेचा काळा बुडबुडाही फिल्मवर उजवीकडे असतो, यकृताची पांढरी सावली डावीकडे. माणूस आतून आरशातल्यासारखा उलटा असतो.

एवढंच असेल तर बिघडत काही नाही. सगळेच अवयव एकजात उलटे असले की त्यांचे आपापसातले जोड शाबूत राहतात. असा माणूस सुखाने आयुष्य काढतो, फार तर अपेंडिक्स डावीकडे दुखलं की डॉक्टरांना घोळात पाडतो. लंडनच्या मॅथ्यू बेली यांनी १७८८ सालीच अशा शरीराचं विच्छेदन करून वर्णन छापलं होतं. साधारण दहा हजार माणसांत एक असा सापडतो.

प्रकरण सुरू होतं ते यांच्यातल्या काही जणांच्या खोकल्यापासून.

तीन तक्रारी, एक माणूस

ज्यूरिखचे डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी १९३३ साली चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. चौघांचे अवयव उलटे होते. चौघांना सायनसचा जुनाट त्रास होता. आणि चौघांच्या श्वासनलिकांच्या फांद्या जागोजाग फुगून ढिल्या पडल्या होत्या, त्यात कफ साचून राहत होता. या शेवटच्या दुखण्याला डॉक्टर ब्रॉंकिएक्टेसिस म्हणतात. निबंध छापून आला तो क्षयरोगाच्या नियतकालिकात. त्यात नवल नाही. वर्षानुवर्षं कफ पडणारा, खंगलेला माणूस दिसला की तेव्हा क्षयच आठवायचा. आपल्याकडे आजही आधी तोच आठवतो.

असाच एक रुग्ण कीव्हच्या झीवर्ट नावाच्या डॉक्टरांनी १९०४ साली नोंदवला होता, पण नाव कार्टागेनर यांचंच चिकटलं. पुढची चाळीसेक वर्षं या त्रिकूटाला 'कार्टागेनर सिंड्रोम' म्हणत गेले. सिंड्रोम हा शब्द अशा वेळी फार सोयीचा पडतो. तीन गोष्टी एकत्र येतात एवढंच तो सांगतो, का येतात याची जबाबदारी घेत नाही. जन्मतःच श्वासनलिका कच्च्या असाव्यात, असा एक तर्क होता. पण कच्च्या श्वासनलिकेचा आणि उजवीकडच्या हृदयाचा संबंध काय? हृदय एका डॉक्टरकडे, नाक दुसऱ्याकडे, छाती तिसऱ्याकडे. माणूस एकच असला तरी केसपेपर तीन.

शिवाय चौथी तक्रार कुणी विचारलीच नव्हती. यांच्यातल्या पुरुषांना मूल होत नव्हतं.

स्टॉकहोमचा सूक्ष्मदर्शक

ही गाठ सोडवणारे ब्यॉर्न आफ्झेलियस डॉक्टर म्हणून कुणाला तपासत नव्हते. स्टॉकहोम विद्यापीठाच्या व्हेनर-ग्रेन संस्थेत ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणूंच्या शेपट्या बघत बसायचे. समुद्री साळिंदर नावाच्या काटेरी गोल प्राण्याचे शुक्राणू हा त्यांचा आवडीचा माल. १९५९ साली त्यांनी शेपटीचे पातळ काप नव्या स्थिरीकरण द्रवात तयार करून पाहिले आणि आधी कुणाला नीट न दिसलेली एक गोष्ट टिपली.

ती गोष्ट समजायला कापात काय दिसतं ते आधी पाहू. शेपटी आडवी चिरली की ठिपक्यांच्या रांगोळीसारखी एक आकृती समोर येते. कडेने गोलाकार नऊ जोड्या, मधोमध दोन सुटे ठिपके. प्रत्येक ठिपका म्हणजे चिरलेली एक सूक्ष्मनलिका. ही नऊ अधिक दोनची रांगोळी शुक्राणूच्या शेपटीत असते तशीच आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या केसांसारख्या तंतूंतही असते. पॅरामेशियम या एकपेशीय जिवाच्या अंगावरच्या तंतूंतही तीच. या तंतूंना इंग्रजीतून आलेलं नाव सिलिया, मराठी परिभाषेत पक्ष्माभिका. लॅटिन सिलियम म्हणजे पापणीचा केस आणि संस्कृत पक्ष्म म्हणजेही तोच. परिभाषा घडवणाऱ्यांनी इथे काम चोख केलंय. बोलताना मात्र सगळे सिलियाच म्हणतात, म्हणून मीही तेच वापरतो.

आफ्झेलियस यांना दिसलं ते असं: कडेच्या प्रत्येक जोडीतल्या एका नलिकेला दोन बारीक हात फुटलेले असतात आणि ते शेजारच्या जोडीच्या दिशेने वळलेले असतात. नऊही जोड्यांचे हात एकाच दिशेला. फुगडीच्या फेरात प्रत्येकीचा हात पुढचीकडे असावा तसे. हे हात करतात काय, ते अमेरिकेत इयन गिबन्स यांनी शोधलं. टेट्राहायमेना या एकपेशीय जिवाच्या सिलियांतून त्यांनी १९६३ साली एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, फोडणारं प्रथिन वेगळं काढलं आणि १९६५ मध्ये त्याला 'डायनिन' नाव दिलं. हात म्हणजेच डायनिन. ते शेजारच्या नलिकेला धरून ओढतात, नलिका एकमेकींवरून सरकू बघतात, बुडाशी बांधलेल्या असल्यामुळे सरकता येत नाही म्हणून सगळा तंतू वाकतो. हात नसतील तर रांगोळी शाबूत, पण इंजिन गायब.

१९७० च्या दशकात आफ्झेलियस यांच्यासमोर माणसांचे नमुने आले. चार पुरुष, चौघांचे शुक्राणू निश्चल. मेलेले नव्हे, जागचे न हलणारे. काप काढले तर नऊ जोड्या जागेवर, मधले दोन ठिपके जागेवर, हात मात्र नाहीत. पंधरा-सोळा वर्षं ज्या माणसाने ते हात पाहिले होते त्यालाच त्यांची गैरहजेरी खुपली. दुसऱ्या कुणी ती आकृती 'ठीकच आहे' म्हणून बाजूला सारली असती.

आणि मग तो प्रश्न आला, जो शुक्राणू तपासताना सहसा कुणी विचारत नाही: यांना सर्दी-खोकला असतो का?

असतो. चौघांपैकी तिघांना वरचेवर ब्रॉंकायटिस आणि सायनसचा त्रास होता. फुप्फुसाची सफाई मोजण्याची एक पद्धत तिथल्या सहकाऱ्यांकडे होती. किरणोत्सारी खूण लावलेले बारीक कण श्वासातून आत घ्यायला लावायचे आणि ते किती वेळात बाहेर पडतात ते छातीवर मापक धरून पाहायचं. या तिघांत सिलियांच्या जोरावर होणारी वाहतूक शून्य निघाली. कण जिथे बसले तिथेच बसून राहिले. श्वसनमार्गाच्या पेशी काढून पाहिल्या, तर तिथल्या सिलियांनाही हात नव्हते.

'सायन्स' नियतकालिकात १९७६ साली हे छापून आलं. खोकला, सायनस, वंध्यत्व: तीन तक्रारींचं मूळ एक प्रथिन.

नाकातला सरकता पट्टा

हात नसले तर कफ का साचतो ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे, कारण पुस्तकात याची एका ओळीत बोळवण होते.

श्वासनलिकेच्या आतल्या एकेका पेशीवर दोनशे ते तीनशे सिलिया असतात. लांबी सहा-सात मायक्रोमीटर, जाडी एका मायक्रोमीटरचा जेमतेम चौथा हिस्सा, म्हणजे डोक्याच्या केसाच्या अडीचशे-तीनशेव्या भागाइतकी. त्या पातळ पाण्यासारख्या द्रवात उभ्या असतात आणि त्या पाण्यावर चिकट श्लेष्म्याची साय असते. फटका मारताना सिलियम ताठ होतं, त्याचं टोक सायीत रुततं आणि साय पुढे ढकलली जाते. परतताना ते वाकून खालच्या पाण्यातून येतं, सायीला शिवत नाही. शिवलं असतं तर ढकललेली साय पुन्हा मागे आली असती. हे सेकंदाला दहा ते पंधरा वेळा, आणि शेजारच्या सिलियांच्या किंचित मागे-पुढे, वाऱ्यावर डोलणाऱ्या गव्हाच्या शेतासारखं. धूळ, जंतू, काजळी सायीत अडकते आणि मिनिटाला काही मिलिमीटर वेगाने घशाकडे सरकते. तिथे आपण ती नकळत गिळतो. दिवसभर.

हा पट्टा बंद पडला तर माणूस गुदमरून मरायला हवा, असं वाटतं. मरत नाही, कारण खोकला आहे. या रुग्णांचा खोकला म्हणजे त्यांची एकमेव झाडलोट. त्यांना खोकला दाबणारं औषध देणं म्हणजे गावातला उरलेला एकुलता एक झाडूवाला रजेवर पाठवणं. नाकाच्या पोकळ्या आणि मधला कान मात्र खोकल्याने साफ होत नाहीत. म्हणून सायनस भरलेले आणि कान वाहणारे.

पुरुषांचं वंध्यत्व तर उघडच होतं. स्त्रियांचं चित्र तितकं सरळ नाही. बीजनलिकेतही सिलिया असतात आणि बीज गर्भाशयाकडे न्यायला मदत करतात, पण नलिकेच्या स्नायूंचाही हातभार असतो. त्यामुळे या आजाराच्या काही स्त्रियांना अडचण येते आणि काहींना सहज दिवस राहतात. मेंदूच्या पोकळ्यांतही अशाच हलत्या सिलिया आहेत. ज्यांच्या सिलियांना हात नाहीत अशा उंदरांच्या मेंदूत पाणी साचतं, माणसांत ते क्वचितच होतं.

हृदयाचं काय?

इथपर्यंत सगळं नीट बसतं. हृदय बसत नाही. हृदयाची जागा ठरवायला कफ लागत नाही.

आफ्झेलियस यांनी इथे एक धाडसी तर्क केला. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या काळात कुठल्यातरी पेशींवर सिलिया फटके मारत असाव्यात आणि त्या फटक्यांच्या दिशेवरून डावं-उजवं ठरत असावं. फटकेच बंद पडले तर दिशा सांगायला कुणी उरत नाही, मग अवयव कुठे वळतील ते नशिबावर. निम्म्यांचं हृदय डावीकडे, निम्म्यांचं उजवीकडे.

'निम्मे' या शब्दावर मी वर्गात मुद्दाम थांबतो. कुणीतरी हमखास म्हणतं, "सर, जनुक बिघडलं म्हणजे हृदय उलटंच व्हायला पाहिजे ना?" तसं असतं तर या आजाराच्या सगळ्याच रुग्णांचं हृदय उजवीकडे असतं. प्रत्यक्षात ते सुमारे निम्म्यांचंच असतं. सख्ख्या भावंडांत तोच दोष असून एकाचं डावीकडे, दुसऱ्याचं उजवीकडे असं आढळतं. म्हणजे दोषाने पाटी उलटी लावलेली नाही, पाटी काढून टाकली आहे. फाट्यावरची पाटीच गेली की गाड्या दोन्ही रस्त्यांना सारख्याच जातात.

गंमत म्हणजे अशी पाटी हरवलेले उंदीर प्रयोगशाळेत आधीपासून होते. १९५९ साली वर्णन झालेल्या 'आयव्ही' नावाच्या वाणात जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या पिलांपैकी निम्म्यांचे अवयव उलटे असत. विल्यम लेटन यांनी या उंदरांचा हिशेब मांडून १९७६ मध्येच लिहिलं की इथे डावं-उजवं निव्वळ योगायोगाने ठरतं आहे. साल तेच, निष्कर्ष तोच, एक माणसांवरून आणि दुसरा उंदरांवरून. दोघांच्या मधली साखळी जुळायला मात्र एकवीस वर्षं गेली. १९९७ साली आयव्ही उंदरांतलं बिघडलेलं जनुक सापडलं आणि ते निघालं डायनिनचं.

तरीही एक आक्षेप शिल्लक होता आणि तो चांगला भक्कम होता. उंदराच्या साडेसात-आठ दिवसांच्या भ्रूणावर, मध्यरेषेवर 'नोड' नावाचा एक छोटा खळगा असतो. त्यातल्या प्रत्येक पेशीवर एकच आखूड सिलियम असतं, आणि त्याच्या कापात मधले दोन ठिपके नसतात. नऊ अधिक शून्य. मधली जोडी नसलेल्या सिलिया हलत नाहीत, हे पुस्तकात ठाम लिहिलेलं होतं. मग फटके मारणार कोण?

टोकियो विद्यापीठात नोबुताका हिरोकावा यांच्या गटाने १९९८ मध्ये याचं उत्तर चक्क बघून दिलं. शिगेनोरी नोनाका आणि सहकाऱ्यांनी जिवंत भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि खळग्यातल्या द्रवात चमकणारे सूक्ष्म मणी सोडले. सिलिया हलत होत्या. फटके मारत नव्हत्या, भिंगरीसारख्या गोल फिरत होत्या. आणि मणी सगळे वाहत होते एकाच दिशेला, भ्रूणाच्या डावीकडे. सिलिया घडवण्यासाठी लागणारं एक प्रथिन त्यांनी ज्या उंदरांतून काढून टाकलं होतं, त्यांच्या नोडवर सिलिया नव्हत्या, प्रवाह नव्हता, आणि त्यांचं डावं-उजवं यदृच्छेने ठरत होतं.

गोल फिरणाऱ्या वस्तूने पाणी एकाच बाजूला कसं जाईल? भोवरा व्हायला हवा. उत्तर तिरपेपणात आहे. या सिलिया सरळ उभ्या नसतात, शेपटीच्या बाजूला कललेल्या असतात. फेरीचा अर्धा भाग त्या पृष्ठभागापासून उंच असतात, तेव्हा भोवतालचा द्रव मोकळेपणाने ओढला जातो. उरलेला अर्धा भाग त्या पृष्ठभागाला घासून जातात, आणि तिथला द्रव पृष्ठभागाला चिकटून असल्यामुळे फारसा हलत नाही. घट्ट खिरीत डाव तिरका धरून फिरवून पाहा: वरची खीर हलते, बुडाची तळाला धरून बसते. पोटाच्या बाजूने पाहिलं तर या सिलिया घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, आणि त्यामुळे जोराचा अर्धा फेरा नेमका डावीकडे पडतो. काट्यांप्रमाणेच का? कारण डायनिनचे ते हात सगळे एकाच अंगाला वळलेले आहेत. फुगडीच्या फेराची दिशा बदलत नाही. प्रथिनाच्या रेणूचं डावं-उजवंपण अशा रीतीने हृदयापर्यंत पोचतं. असा एखादा एकांगी रेणू या सगळ्याच्या मुळाशी असावा, असा आराखडा नायजेल ब्राउन आणि लुईस वोलपर्ट यांनी १९९० मध्ये कागदावर मांडला होताच.

तरी शंकेखोर म्हणतील, प्रवाह हे कारण कशावरून, नुसती सोबत असेल. म्हणून हिरोशी हामादा यांच्या गटासोबत नोनाका यांनी २००२ मध्ये भ्रूण एका बारीक पन्हाळीत बसवून वरून पंपाने द्रव सोडला, उजवीकडे, नैसर्गिक प्रवाहाला मागे हटवेल इतक्या जोरात. निरोगी उंदरांचं डावं-उजवं उलटलं. ज्यांच्या सिलिया हलतच नव्हत्या त्या आयव्ही भ्रूणांना पंपाने जी दिशा दिली ती त्यांनी घेतली. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत देखणा प्रयोग. एका पंपाने वाद मिटवला.

पुढे २०१२ मध्ये असंही दिसलं की फिरत्या सिलिया दोन असल्या तरी काम भागतं. नोडवर असतात दोनशेच्या आसपास. एवढी उधळपट्टी कशाला, याचं पटणारं उत्तर मला अजून कुठे वाचायला मिळालेलं नाही.

फिरणाऱ्या आणि ऐकणाऱ्या

प्रवाह निर्माण झाला, पण तो ओळखणार कोण? खळग्याच्या कडेला दुसऱ्या प्रकारच्या सिलिया असतात, त्या हलत नाहीत. त्यांच्यावर पॉलिसिस्टिन-२ नावाचं प्रथिन असतं. येल विद्यापीठातल्या मार्टिना ब्रुक्नर यांच्या गटाने २००३ मध्ये हे दोन प्रकार वेगळे दाखवले: मधल्या फिरतात, कडेच्या ऐकतात. ऐकतात म्हणजे नेमकं काय, यावर वीस वर्षं भांडण चाललं. प्रवाहासोबत एखादा रासायनिक निरोप वाहत जातो, की प्रवाहाच्या धक्क्याने सिलियम वाकणं हाच निरोप? २०२३ च्या सुरुवातीला 'सायन्स'मध्ये दोन निबंध पाठोपाठ आले, एक उंदरांवर आणि एक झेब्राफिशवर. दोघांनीही लेझरच्या चिमट्याने एकेक निश्चल सिलियम धरून हलवलं आणि पेशीत कॅल्शियम उसळताना पाहिलं. माशाच्या प्रयोगात तर एवढ्या धक्क्यावर डावं-उजवं ठरलं. पारडं सध्या तरी वाकण्याच्या बाजूने झुकलंय.

पॉलिसिस्टिन हे नाव ओळखीचं वाटलं असेल तर बरोबर. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होत जाण्याचा जो आनुवंशिक आजार आहे, तो याच प्रथिनाच्या कुटुंबातला. मूत्रपिंडाच्या नलिकांतही प्रत्येक पेशीवर एक निश्चल सिलियम असतं. १८९८ साली झिमरमन यांनी ते पाहिलं होतं, नंतर शंभर वर्षं बहुतेकांनी ते उत्क्रांतीतून उरलेली अडगळ म्हणून सोडून दिलं. आता डोळ्यातल्या प्रकाशपेशी, नाकातल्या गंधपेशी, वाढत्या गर्भातले निरोप या सगळ्यांत त्याच 'अडगळी'चं काम निघतंय. ते वेगळं प्रकरण आहे आणि मोठं आहे. इथे इतकंच की मूत्रपिंडाचा आणि हृदयाच्या जागेचा दुवाही सिलियातूनच जातो.

न बसणाऱ्या केसेस

सगळं इतकं गोळीबंद जुळलं की मला उलट शंका येते, म्हणून अपवाद पाहू. एक अपवाद तर सिद्धांताला बळच देतो. काही रुग्णांत दोष हातांत नसतो, मधल्या जोडीशी संबंधित भागांत असतो. त्यांना खोकला, सायनस सगळं असतं, पण हृदय कधीच उलटं नसतं. का? नोडच्या सिलियांत मधली जोडी मुळातच नाही. जे नाही ते बिघडणार कसं?

दुसरा अपवाद तितका सोयीचा नाही. कोंबडीच्या भ्रूणात डावं-उजवं ठरवायला फिरत्या सिलिया लागतच नाहीत. तिथे पेशी स्वतःच सरकून बाजू ठरवतात. डुकरातही नोडवर अशा सिलिया नाहीत. मासा, बेडूक, उंदीर, माणूस यांच्यात आहेत; पक्षी, सरपटणारे प्राणी आणि गाय-डुक्कर ज्यात येतात त्या समखुरी सस्तन गटात ही पद्धत सुटलेली दिसते. २०२२ साली याच हरवलेपणाचा उपयोग करून संशोधकांनी जनुकं शोधली: ज्या प्राण्यांत नोडचा प्रवाह नाही त्यांच्या जनुकसंचातून एकदमच कुठली जनुकं गळाली आहेत? पाच सापडली. त्यांतलं तोवर अनोळखी असलेलं एक बिघडलं की माणसांतही अवयवांच्या जागा चुकतात हे रुग्णांत दिसलं. म्हणजे कपिला गाईच्या हृदयाला सिलियांनी डावीकडे धाडलेलं नाही, तरी तेही डावीकडेच आहे. दोन वाटा, मुक्काम एक. पृष्ठवंशीयांच्या इतिहासात वाट का बदलली हे कोडं अजून खुलं आहे.

एक्स-रेवर जे दिसत नाही

आजाराचं नावही वाटेत बदललं. आधी 'निश्चल सिलिया' म्हणत, पण पुढे काही रुग्णांच्या सिलिया थरथरताना, ताठरून हलताना दिसल्या. मग 'प्रायमरी सिलिअरी डिस्किनेसिया', म्हणजे जन्मतःच हालचाल बिघडलेल्या सिलिया. डॉक्टर पीसीडी म्हणतात. आता पन्नासहून अधिक जनुकं यात सापडली आहेत, आणि बऱ्याच रुग्णांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची रांगोळी अगदी नेटकी दिसते. आफ्झेलियस यांना ते रुग्ण आधी भेटले असते तर कदाचित हे प्रकरण उभंच राहिलं नसतं. निश्चल पण जिवंत शुक्राणू बीजात थेट टोचण्याचं तंत्र १९९२ पासून आलं आणि अशा पुरुषांपैकी कित्येकांना आता मूल होऊ शकतं.

पण 'निम्मे' हा आकडा इथे पुन्हा आडवा येतो, आणि या खेपेला रुग्णाच्या मुळावर. कार्टागेनर यांचं त्रिकूट डॉक्टरांच्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की उजवीकडचं हृदय दिसलं तर सिलियांची आठवण होते, नाहीतर होत नाही. नाणं डावीकडे पडलेले निम्मे रुग्ण तोच आजार घेऊन दम्याची, ॲलर्जीची, क्षयाची औषधं खात वर्षं काढतात. त्यांना ओळखायचं ते वेगळ्या खुणांवरून: पूर्ण दिवसांचं बाळ असून जन्मानंतर लगेच श्वासाला त्रास आणि काही दिवस ऑक्सिजन, पहिल्या महिन्यांपासून बाराही महिने ओला खोकला, नाक कधीच कोरडं नाही, कान पुन्हा पुन्हा वाहणं. "याला जन्मापासून सर्दीच आहे हो," असं आई सांगते ते अक्षरशः खरं असतं.

महागड्या तपासण्या आहेत. नाकातल्या हवेतलं नायट्रिक ऑक्साइड मोजतात. पीसीडीत ते फारच कमी असतं, आणि का कमी असतं यावर एकमत नाही. वेगवान कॅमेऱ्याने सिलियांची हालचाल टिपतात, जनुकं तपासतात. यातलं काही हाताशी नसायचं तेव्हा एक जुनी, फुकटात होणारी चाचणी करत. ती चाळणीपुरतीच, लहान मुलांत तर निरुपयोगी, पण सिलियांचं काम तिच्याइतकं उघडं दुसऱ्या कशातच दिसत नाही.

रुग्णाला खुर्चीवर ताठ बसवायचं. नाकपुडीच्या आत, खालच्या मांसल कड्यावर, पुढच्या टोकापासून सेंटीमीटरभर मागे सॅकरिनचा मिलिमीटरभर कण ठेवायचा. नाक ओढायचं नाही, शिंकायचं नाही, खायचं-प्यायचं नाही. अधूनमधून नुसती थुंकी गिळायची आणि गोड लागलं की हात वर करायचा. कण विरघळतो, साय त्याला घेऊन मागे निघते, घशाशी पोचते. बहुतेकांचा हात दहा-पंधरा मिनिटांत वर येतो. वीस मिनिटं झाली तर जरा वाट बघतात, सर्दी असेल म्हणतात. अर्धा तास. डॉक्टर जिभेवर दुसरा कण ठेवून बघतात, गोड कळतंय ना? कळतंय. पाऊण तास. तासाचा काटा ओलांडतो आणि समोरचा माणूस हात मांडीवर ठेवून तसाच बसलेला असतो. बाजूला खिडकीच्या उजेडात त्याचा एक्स-रे लावलेला आहे, त्यात हृदय डावीकडे आहे आणि शिशाचं अक्षरही बरोबर जागी.